नगद आणि उधार : आपल्या चरित्रलेखनातील दारिद्र्यव्रत

बीडजवळच्या नारायणगडाला पंचक्रोशीतील माणसे 'धाकटी पंढरी' म्हणतात. ज्यांना आषाढीला चंद्रभागेपर्यंत जाणे होत नाही, ते या गडावर येऊन विठ्ठलाचे आणि नगद नारायण महाराजांचे दर्शन घेतात व त्यातच वारी पावली असे मानतात. एका परिचितांबरोबर मी गडावर गेलो होतो. पायरीवर टेकलेल्या एका वृद्ध वारकऱ्याशी बोलणे निघाले. मी ख्रिस्ती आहे हे कळताच त्यांना काहीतरी आठवले असावे. नात सिस्टरांच्या शाळेत शिकून गेली होती.

"माउली, एक विचारू का? त्या सिस्टरांना पगार असतो का हो?"

"असतो, बाबा."

"मग तो जातो कुठं? त्यांना ना घर, ना लेकरू."

"तो त्यांच्या मठात जमा होतो. त्यांनी दारिद्र्याचं व्रत घेतलेलं असतं. स्वतःचं असं काही ठेवत नाहीत."

बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे गडासारखंच की. गडाचं ते गडाचं, महाराजांचं काही नाही. पण माउली, दारिद्र्याला व्रत कशाला लागतं? आमच्याकडं ते न मागता येतं."

या प्रश्नाला माझ्याजवळ त्या वेळी उत्तर नव्हते. परतल्यावर मी आपल्या मराठी ख्रिस्ती नियतकालिकांतील, स्मरणिकांतील आणि मृत्युलेखांतील व्रतस्थांची जी चरित्रे हाताशी होती ती पुन्हा एकदा काढून वाचली. उत्तर तेथे सापडेल अशी अपेक्षा होती, परंतु फारसे हाती लागले नाही. हे असे का व्हावे, याचा शोध घेण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे.

प्रथम शब्दाचाच विचार करू. 'दारिद्र्य' हा मराठीत व्रताचा शब्द नव्हे. तो शापाचा शब्द आहे. ज्याच्या घरी अठराविश्वे दारिद्र्य आहे त्याची आपण कीव करतो, त्याला वंदन करीत नाही. ओव्या, अभंग, म्हणी यांतून आलेले या शब्दाचे सारे गणगोत दुःखाचे आहे. बीड जिल्ह्यात तर तो आणखी जड होतो. दसरा-दिवाळीनंतर या जिल्ह्यातील लाखो माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात. हंगामापूर्वीच मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो, आणि घेतलेली उचल फेडीपर्यंत त्या कोयत्याची सुटका नसते. खोपीत जन्मलेल्या लेकराला दारिद्र्य हे व्रत आहे असे सांगण्याचे धाडस कोण करील?

म्हणून काही लेखकांनी 'अपरिग्रह' हा शब्द पत्करला. तो सुसंस्कृत आहे. योगसूत्रांतील यमांत त्याची गणना आहे, महात्मा गांधींनी आश्रमाच्या व्रतांत त्याला स्थान दिले, विनोबांनी तो घरोघरी पोहोचविला. पण अपरिग्रह म्हणजे साठवू नये, एवढेच. ख्रिस्ती व्रतस्थाच्या व्रतात याहून दोन गोष्टी अधिक आहेत आणि त्या दोन्ही या शब्दात बसत नाहीत. पहिली गोष्ट परावलंबनाची : जे वापरायचे ते विचारून वापरायचे. दुसरी सामाईकतेची : जे मिळेल ते सर्वांच्या थैलीत टाकायचे आणि गरजेपुरते तेथून घ्यायचे. 'अकिंचन' हा शब्द सुंदर आहे, पण तो एकट्या माणसाचा आहे. आपले व्रत एकट्याचे नाही.

व्रताचे स्वरूप येथे थोडक्यात सांगणे अवश्य आहे, कारण आपल्या धर्मग्रामांतही याविषयी गैरसमज आहेत. प्रत्येक धर्मगुरू दारिद्र्यव्रत घेत नाही. धर्मप्रांतीय धर्मगुरू ब्रह्मचर्य स्वीकारतात, महागुरूस्वामींच्या आज्ञेत राहण्याचे वचन देतात. साधेपणाने राहावे अशी त्यांच्याकडून अपेक्षा असते, परंतु दारिद्र्याचे व्रत त्यांना नसते. २०२० साली मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविणारे दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो धर्मप्रांतीय होते. येशूसंघीय, फ्रान्सिस्कन, सालेशियन आणि धर्मभगिनींचे संघ यांची गोष्ट वेगळी. १९८३ च्या धर्मसंहितेनुसार व्रतस्थ व्यक्ती स्वतःच्या श्रमातून जे मिळविते ते संघाचे होते. पहिल्या व्रतापूर्वी ती आपल्या मालमत्तेचा कारभार दुसऱ्याकडे सोपविते आणि अखेरच्या व्रतापूर्वी देशाच्या कायद्याला मान्य होईल असे मृत्युपत्र करते. संघाला मात्र मालमत्ता बाळगता येते. त्याने ऐषआराम व अवाजवी संचय टाळावा आणि संघ म्हणूनही दारिद्र्याची साक्ष द्यावी, अशी अपेक्षा संहितेने व्यक्त केली आहे. १९६५ च्या ऑक्टोबरात दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने व्रतस्थ जीवनाच्या नवीकरणाविषयी जो आदेश काढला त्यातही हाच आग्रह आहे : वरिष्ठांची परवानगी घेतली म्हणजे व्रत पाळले असे होत नाही; माणूस मनाने आणि प्रत्यक्षातही गरीब असला पाहिजे.

गडावरच्या बाबांनी नेमकी हीच मेख ओळखली होती. व्यक्ती निर्धन आणि संस्था सधन, हा तिढा आजचा नाही. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या नियमावलीत साधूने पुस्तक, पाटी वा लेखणीसुद्धा आपली म्हणू नये असे घालून दिले. पुढे त्याच परंपरेतील मठ युरोपातील मोठे जमीनदार झाले. तेराव्या शतकात असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी आपल्या बंधूंना पैशाला शिवू नये असे सांगितले. १२२३ साली पोप होनोरियस तिसरे यांनी त्यांच्या नियमाला मान्यता दिली. फ्रान्सिस यांच्या पश्चात बंधू वापरतील त्या वस्तूंची मालकी पोपपदाकडे आणि वापर तेवढा बंधूंकडे अशी योजना झाली. शंभर वर्षांनी पोप जॉन बाविसावे यांनी ही कागदी मालकी नाकारली. जो खातो त्यानेच आपण खातो हे मान्य करावे, असा त्यांच्या भूमिकेचा रोख होता. व्रताच्या इतिहासातील हा सर्वांत कडवट वाद होय, आणि त्याचे मर्म एका प्रश्नात सांगता येते : मालकी सोडली म्हणजे गरिबी आली काय?

हाच प्रश्न आपल्या देशात अगदी अलीकडे न्यायालयात उभा राहिला. अनुदानित शाळांत शिकविणाऱ्या धर्मभगिनी व धर्मगुरू यांच्या पगारातून प्राप्तिकर कापावा काय, हा तो खटला. व्रतस्थ माणूस नागरी दृष्ट्या मृत मानला जातो, पगार त्याचा नसून संघाचा आहे, असा संघांचा युक्तिवाद होता. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने संघांची अपिले फेटाळली. पगार ज्याच्या नावे निघतो, उत्पन्न त्याचेच. पुढे तो ते कोणाला देतो याच्याशी कराचा संबंध नाही, असा त्याचा मथितार्थ. आपल्याकडे या निकालावर हळहळ व्यक्त झाली. माझ्या मते त्यात आपल्यासाठी एक बोध आहे. कायद्याला व्रत दिसत नाही, कारण व्रत कागदावर दिसण्याची गोष्टच नाही. ते दिसायचे तर जगण्यात दिसले पाहिजे, आणि जे जगण्यात असेल ते लेखनात उतरले पाहिजे.

येथे मी मूळ तक्रारीकडे येतो. आपले चरित्रलेख व्रत दाखवीत नाहीत, ते त्याची आरती ओवाळतात. रौप्यमहोत्सवी, सुवर्णमहोत्सवी लेख उघडा : 'त्यागमूर्ती', 'सर्वसंगपरित्याग', 'चंदनासारखे झिजणे', 'मेणबत्तीसारखे जळणे'. नाव बदलले तरी लेख तोच राहतो. जन्मगाव, व्रतस्वीकार, बदल्यांची यादी, बांधलेल्या इमारतींची यादी आणि शेवटी एक विशेषण. गंमत अशी, की दारिद्र्यव्रत घेतलेल्या व्यक्तीच्या लेखात सर्वांत अधिक जागा इमारतींना मिळते. तिच्याजवळ काय नव्हते हे विशेषणाने सांगितले जाते, तिने काय उभारले ते मात्र चौरस फुटांत!

जे लिहिले जात नाही त्याचा नमुना पाहा. पन्नाशी उलटलेली एक मुख्याध्यापिका असते. तिच्या सहीने शाळेचे लाखो रुपये खर्ची पडतात. भाचीच्या लग्नात पाकीट द्यायचे तर मात्र तिला वरिष्ठेपुढे जाऊन विचारावे लागते, आणि वरिष्ठा कदाचित तिचीच जुनी विद्यार्थिनी असते. चपलेचा अंगठा तुटला तर नवी चप्पल मागावी लागते. महिनाअखेर आपल्या खर्चाचा हिशेब द्यावा लागतो. भावाने प्रेमाने दिलेली शाल मठात दुसऱ्याच सिस्टरच्या खांद्यावर दिसते, आणि पुढच्या भेटीत भाऊ विचारतो, "ताई, शाल कुठाय?" आई रुग्णालयात असते, बिल वाढत असते, सारी भावंडे काही ना काही घालतात, पगारदार असूनही हिच्या हातात घालायला काही नसते. संघ मदत करतोही. पण ती संघाची मदत असते, लेकीची नसते. दारिद्र्यव्रत जिथे बोचते ती जागा ही. तिच्याविषयी एक ओळही आपल्या स्मरणिकांत का येत नाही? व्रतस्थांचा संकोच मी समजू शकतो. लेखकांचा समजू शकत नाही.

या मौनामागे आणखी एक कारण आहे आणि ते आपल्या घरांत आहे. सिस्टर झालेल्या बहिणीकडे भावंडे हक्कसोडपत्राचा कागद घेऊन येतात. "तू तर दारिद्र्याचं व्रत घेतलंस, तुला जमीन काय करायची?" १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमाने ख्रिस्ती मुलीला मुलाइतकाच वाटा दिला आहे, आणि बहुतेक धर्मसंघांत व्रताने वारसाहक्क आपोआप बुडत नाही, व्रत त्याचा कारभार आणि उपभोग काढून घेते. तो वाटा कोणाला द्यावा हे तिने विचारपूर्वक, मोकळ्या मनाने ठरवावे, यासाठीच धर्मसंहितेने मृत्युपत्राची तरतूद ठेवली. भूमिहीनाला, शाळेला, अडल्या भावाला, तिला योग्य वाटेल त्याला. तिच्या व्रताचा लाभ कोणी गृहीत धरून घेऊ लागला तर तो तिचा त्याग राहत नाही, आपली सोय होते. मग तिच्या सुवर्णमहोत्सवात आपण तिला त्यागमूर्ती म्हणतो, तेव्हा त्या शब्दाआड काय झाकले गेले हे आपले आपल्याला ठाऊक असते.

मराठीत दारिद्र्याच्या स्वीकारावर खरे लेखन झालेच नाही असे मात्र नाही. त्यासाठी आपल्याला आपल्या पंथाचे कुंपण ओलांडावे लागते. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १९१७ साली अमेरिकन मराठी मिशनचा राजीनामा देऊन पगार सोडला, ख्रिस्ती संन्यास पत्करला आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभारला. अवघ्या दोन वर्षांत, मे १९१९ मध्ये ते निवर्तले. पण पैसा त्यांच्या हाती कधीच ठरत नसे. जे येई ते गरजवंताकडे जाई. हे सर्व आपल्याला कळते ते ज्या बाईला तेवढ्यात घर चालवावे लागले तिच्या लेखणीतून. लक्ष्मीबाई पतीला देवत्व देत नाहीत आणि खालीही ओढीत नाहीत. चूल, भांडी, पाहुणे, घरात येऊन राहिलेली पोरकी मुले यांच्या हिशेबातून त्या त्याग सांगतात, आणि बहुतेक वेळा हसत सांगतात. वाचकाला टिळकांविषयी आदर वाटतो तो लेखिकेने विशेषण लावले म्हणून नव्हे. त्या औदार्याची किंमत किती आणि ती कोणी मोजली हे तिने प्रामाणिकपणे सांगितले म्हणून.

'स्मृतिचित्रे' वाचताना आपल्या व्रताचे एक मर्म मला नव्याने कळले. टिळकांच्या दारिद्र्याला ना वरिष्ठ होता, ना सामाईक थैली. त्यामुळे त्याचा भार एका संसारी स्त्रीवर पडला. संघातील दारिद्र्य सामाईक करण्यात मोठे शहाणपण आहे : ते कोणा एकावर कोसळू नये, आजारी व वृद्ध व्रतस्थाला दारोदार जावे लागू नये. प्रेषितांच्या काळातील पहिल्या श्रद्धावंतांनी सर्व काही सामाईक ठेवले आणि त्यांच्यात कोणी गरजू उरला नाही, असे जे 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात वर्णिले आहे, त्याचा आशयही हाच. परंतु याच व्यवस्थेच्या पोटात उलटा धोका दडलेला आहे. सामाईक थैली भरत गेली की दारिद्र्य कोणावरच पडत नाही. जेवण वेळेवर, छप्पर पक्के, औषधोपचार ठरलेले, म्हातारपण सुरक्षित. नाही ती फक्त मालकी. ऊसतोड कामगाराच्या दृष्टीने पाहिले तर ज्याला उद्याची चिंता नाही तो गरीब कसला? गडावरच्या बाबांनी हेच विचारले होते.

याला उत्तर आहे, आणि ते शब्दांत सापडत नाही, माणसांत सापडते. शेजारच्या नगर जिल्ह्यात, आजच्या अहिल्यानगरात, फादर हर्मन बाखर हे स्विस येशूसंघीय होते. १९२४ साली जन्मलेला हा माणूस १९४८ मध्ये भारतात आला आणि दुष्काळी गावांत रमला. १९८९ मध्ये भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाला त्यांच्या पुढाकाराने आकार आला. १९९३ मध्ये क्रिस्पिनो लोबो यांच्यासह त्यांनी 'वॉटर' ही संस्था उभी केली. २०२१ साली ते गेले. जर्मनीहून आलेल्या मोठ्या निधीच्या कामाचे ते प्रवर्तक होते. त्या पैशातून डोंगरउतारावर समपातळी चर खणले गेले, नाले अडविले गेले, विहिरींना पाणी आले. आणि गावाने श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी केल्याशिवाय पैसा पुढे सरकायचा नाही असा दंडक होता. या पैशातून त्यांच्या मालकीचे काही झाले नाही, हे तर व्रतातच आले. मला महत्त्वाचे वाटते ते पुढचे : तो पैसा संघाच्या थैलीतही थांबला नाही, डोंगरावर गेला आणि पाणी होऊन गावाच्या विहिरीत उतरला. व्रतस्थाचा हात रिकामा असावा तो याचसाठी. भरलेल्या हातातून काही वाहत नाही.

म्हणजे बाबांच्या प्रश्नाचे उत्तर असे देता येईल : न मागता आलेले दारिद्र्य हटविण्यासाठी मागून घेतलेले दारिद्र्य आहे. पहिल्याचे कौतुक करणे हे पाप आहे. दुसरे पहिल्याच्या कामी आले नाही तर ते निरर्थक आहे. जो संघ उसाच्या फडावर गेलेल्या आईबापांच्या मुलांसाठी वसतिगृह चालवितो, त्याची इमारत मोठी असली तरी त्याच्या व्रताला अर्थ आहे. जो संघ केवळ फी देऊ शकणाऱ्यांसाठी शाळा चालवितो, त्याच्या सिस्टरांच्या पेटीत दोनच साड्या असल्या तरी त्यांच्या व्रताचा अर्थ शोधावा लागतो. हा निकष कठोर आहे, पण तो बाहेरून आणलेला नाही. महासभेच्या आणि धर्मसंहितेच्या आग्रहातूनच तो निघतो.

नारायणगडाच्या महाराजांच्या नावातील 'नगद' हा शब्द माझ्या मनात घोळत राहिला. नगद म्हणजे रोख. पण बोलीत त्याला आणखी एक छटा आहे : जे उधार नाही, जे आत्ता आणि इथे चुकते केले जाते ते. उचलीच्या कर्जात जगणाऱ्या या मुलखात हा शब्द किती वजनदार आहे, हे तेथे उभे राहिल्यावर कळते. आपल्या चरित्रलेखनातील दारिद्र्यव्रत आज उधारीवर चालले आहे. संत फ्रान्सिस, मदर तेरेसा यांच्या पुण्याईवर आपण आपल्या प्रत्येक जयंती-महोत्सवाची विशेषणे उचल म्हणून घेतो आणि ती फेडीत नाही. लेखकांनी आता नगद लिहावे : त्या सिस्टरनी काय मागितले, काय नाकारले गेले, कोणत्या दिवशी व्रत नकोसे झाले आणि तरी त्या का राहिल्या, त्यांच्या रिकाम्या हातांतून कोणाच्या घरी काय पोहोचले. असे लेखन व्रतस्थांचा मान कमी करणार नाही. उलट, आज घरात बसून आपल्या हाकेचा विचार करणाऱ्या एखाद्या मुलीला आपण कशाला 'होय' म्हणत आहोत हे तरी नीट कळेल, आणि तिच्या आईबापांनाही.

गड उतरताना बाबा पुन्हा भेटले. मी त्यांना म्हणालो, "बाबा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर अजून सापडलं नाही."

ते हसले. "सापडलं की सांगा, माउली. घाई नाही. पण नात म्हणते, त्या सिस्टरांनी तिची फी भरली होती. ती कुणी भरली, मठानं की सिस्टरनं, ते काही आम्हाला उमगलं नाही."

मी त्यांच्या पायांना हात लावला. उमगण्याची गरज नव्हती. फी भरली गेली होती, नगद.